ऑनलाइन कोर्समध्ये प्रोफेसर गायब असेल तर? विद्यार्थ्यांचे हक्क, सोप्या भाषेत

अमेरिकेत ऑनलाइन कॉलेज कोर्स घेतलेल्या आपल्या मराठी मंडळींकडून एक तक्रार मी सारखी ऐकते. कोणाची मुलगी हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे कमी फीच्या स्थानिक सरकारी कॉलेजचा, क्लास करतेय, कोणी एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरदार जोडीदाराच्या व्हिसाच्या आधाराने, आहे आणि हाताशी वेळ आहे म्हणून अकाउंटिंग शिकतेय, कोणी नोकरी सांभाळून अर्धवट राहिलेली डिग्री पूर्ण करतोय, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच की कॅनव्हासवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या वेबसाइटवर, सगळं चढवून ठेवलंय, जुने रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आहेत, क्विझ कॉम्प्युटर तपासतो, पण शिकवणारा माणूस कुठे आहे तेच कळत नाही. मेल टाकला तर आठवडाभर उत्तर नाही. पेपर लिहिला, त्यावर मार्क पडले, ते तेवढेच का पडले त्याबद्दल एक अक्षर नाही. आणि मग बहुतेक जण म्हणतात जाऊ दे, ऑनलाइन आहे ना, असंच असणार.

असंच असणार हे खरं नाही, आणि हे मला अगदी ठासून सांगायचंय. अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, नियमांत ऑनलाइन कोर्सची व्याख्याच अशी आहे की त्यात शिक्षकाचा विद्यार्थ्यांशी नियमित आणि अभ्यासाला धरून संपर्क असला पाहिजे. तो नसेल तर सरकारच्या नजरेत तो ऑनलाइन कोर्स राहतच नाही, तो करस्पॉन्डन्स कोर्स होतो, म्हणजे पूर्वी पोस्टाने पुस्तकं यायची आणि आपण उत्तरं लिहून परत पाठवायचो तसला, आणि मग कॉलेजला मिळणाऱ्या सरकारी पैशांचं गणितच बदलतं. म्हणजे प्रोफेसरने तुम्हाला उत्तर देणं ही मेहेरबानी नाही. तुम्ही ज्याची फी भरलीय त्यातलाच तो भाग आहे.

हे असं का झालं ते थोडं मागे जाऊन बघावं लागेल, नाहीतर नियम डोक्यात बसत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत फेडरल मदतीच्या, म्हणजे शिक्षणासाठी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी अनुदान-कर्जाच्या, पैशावर डोळा ठेवून बऱ्याच करस्पॉन्डन्स शाळा निघाल्या होत्या, विद्यार्थ्याच्या नावावर कर्ज काढायचं, त्याला चार पुस्तकं पाठवायची, आणि तो पुढे शिकला की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही. कर्ज मात्र त्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर. सिनेटमध्ये याची चौकशी झाली, आणि १९९२ साली काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा बदलून ५० टक्क्यांची अट घातली: ज्या संस्थेचे निम्म्याहून जास्त कोर्स करस्पॉन्डन्सचे आहेत किंवा निम्मे विद्यार्थी तसले आहेत तिला फेडरल मदत बंद. मग इंटरनेट आलं आणि प्रश्न पडला की ऑनलाइन शिकवणाऱ्या चांगल्या कॉलेजांचं काय करायचं, कारण ती पण या अटीत अडकायला लागली. २००६ साली ऑनलाइन शिक्षणाला या ५० टक्क्यांच्या अटीतून सोडवलं, पण एका बोलीवर, की तिथे शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात खरोखरचा संपर्क असेल. तो शब्दप्रयोग म्हणजे रेग्युलर अँड सब्स्टँटिव्ह इंटरॅक्शन. कॉलेजातले लोक त्याला नुसतं आरएसआय म्हणतात, आणि तुम्ही डीनशी बोलताना हा शब्द वापरलात तर समोरच्याला लगेच समजतं की तुम्हाला माहिती आहे.

आता गंमत अशी की हे शब्द कायद्यात आले पण नियमित म्हणजे किती आणि अभ्यासाला धरून म्हणजे नेमकं काय हे कित्येक वर्षं कोणी नीट लिहूनच ठेवलं नव्हतं. त्याचा मोठा स्फोट झाला २०१७ साली. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी, सॉल्ट लेक सिटीची, पूर्ण ऑनलाइन, १९९७ साली पश्चिमेकडच्या राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून काढलेली. तिथे एकच प्रोफेसर सगळं करतो असं नसतं, मेंटॉर वेगळा, विषय समजावणारा वेगळा, पेपर तपासणारा वेगळा, आणि विद्यार्थी आपापल्या वेगाने पुढे जातो. शिक्षण खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलच्या ऑफिसने, म्हणजे खात्याच्या पैशांची तपासणी करणाऱ्या विभागाने, त्यांचे १०२ कोर्स तपासले आणि म्हटलं की यातले ६९ कोर्स शिक्षकाशी नियमित आणि अर्थपूर्ण संपर्क होईल असे बनवलेलेच नाहीत, म्हणजे हे करस्पॉन्डन्स झालं, सबब सुमारे ७१ कोटी ३० लाख डॉलर परत घ्या. विचार करा, ७१ कोटी डॉलर. शेवटी जानेवारी २०१९ मध्ये शिक्षण खात्याने ठरवलं की पैसे परत घ्यायचे नाहीत, कारण कायदाच संदिग्ध होता आणि युनिव्हर्सिटीने प्रामाणिकपणे आपल्या परीने तो पाळायचा प्रयत्न केला होता. माझं मत विचाराल तर तो निर्णय योग्य होता, तिथे शिकून पुढे गेलेले नोकरदार लोक खूप आहेत. पण त्या आकड्याने अमेरिकेतल्या प्रत्येक कॉलेजच्या ऑनलाइन विभागाला जाग आली हे मात्र नक्की.

त्यानंतर खात्याने नियम नव्याने लिहिला, सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केला आणि १ जुलै २०२१ पासून तो लागू झाला. आणि हा नियम खरंच वाचण्यासारखा आहे, त्यात दोन भाग आहेत.

पहिला भाग, अभ्यासाला धरून म्हणजे काय. नियमात पाच गोष्टी दिल्यात आणि त्यातल्या निदान दोन कोर्समध्ये पाहिजेत: प्रत्यक्ष शिकवणं, तुमचं काम तपासणं किंवा त्यावर अभिप्राय देणं, विषयाबद्दल माहिती देणं किंवा प्रश्नांना उत्तरं देणं, विषयावर गटचर्चा घडवून आणणं, आणि पाचवी म्हणजे कॉलेजला मान्यता देणाऱ्या संस्थेने मंजूर केलेली शिकवण्याची दुसरी एखादी पद्धत. निदान दोन, बरं का, पाचही नाही. म्हणजे एखादा प्रोफेसर लाइव्ह झूम क्लास घेत नाही एवढ्यावरून त्याने नियम मोडला असं म्हणता येत नाही. तो जर दर आठवड्याला पेपरवर नीट कॉमेंट लिहित असेल आणि डिस्कशन बोर्डवर स्वतः उतरून मुलांशी बोलत असेल तर झालं, दोन गोष्टी भरल्या. पण रेकॉर्ड केलेला व्हिडिओ टाकून ठेवला आणि कॉम्प्युटरने तपासलेली क्विझ ठेवली, आणि माणूस कुठेच नाही, तर ते चालत नाही. चॅटबॉट किंवा एआय ट्यूटर यांच्याशी बोलणं हे तुमच्या बाजूने अभ्यासात सहभाग म्हणून धरलं जाऊ शकतं पण शिक्षकाशी संपर्क म्हणून धरत नाहीत, हेही खात्याने नियम आणताना स्पष्ट केलंय. तसंच तुमचा अॅकॅडमिक अॅडव्हायजर, टेक सपोर्टवाला, किंवा 'असाइनमेंटची तारीख उद्या आहे' असा आपोआप येणारा मेल, यातलं काहीच मोजत नाहीत. शिक्षक म्हणजे कोर्सचा विषय शिकवायची जबाबदारी असलेला आणि त्यासाठी मान्यता संस्थेच्या अटींप्रमाणे पात्र असलेला माणूस.

दुसरा भाग, नियमित म्हणजे काय, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं वाक्य इथे आहे. एक, असा संपर्क होण्याची संधी ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे, आधी अंदाज येईल अशी मिळाली पाहिजे, कोर्स किती लांबीचा आहे आणि त्यात किती मजकूर आहे त्या मानाने. दोन, विद्यार्थी कसा चाललाय यावर लक्ष ठेवायचं आणि गरज पडली की शिक्षकाने लवकर आणि स्वतःहून पुढे येऊन बोलायचं, एकतर लक्ष ठेवताना काही दिसलं म्हणून, किंवा विद्यार्थ्याने मागितलं म्हणून. विद्यार्थ्याने मागितलं म्हणून, हे शब्द नियमात आहेत. त्यामुळे तुम्ही 'सर मला हे कळलं नाही, जरा समजावता का' असा मेल टाकता तेव्हा तुम्ही कोणाला त्रास देत नसता, नियमाने जे व्हायला पाहिजे त्याची सुरुवात तुम्ही करून देत असता. आपल्याकडे लहानपणापासून शिक्षकाला प्रश्न विचारायचा म्हणजे जीभ अडखळते, मग ऑनलाइन तर चेहरा पण दिसत नाही, म्हणून मी हे मुद्दाम सांगतेय. आणि उलट बाजूही लक्षात घ्या, करस्पॉन्डन्सच्या व्याख्येत लिहिलंय की तिथे संपर्क मोजकाच असतो आणि तो मुख्यतः विद्यार्थीच सुरू करतो. म्हणजे ज्या कोर्समध्ये तुम्ही विचारल्याशिवाय एकदाही प्रोफेसर बोललेला नाही, तो कोर्स त्या रेषेच्या पलीकडे सरकत चाललाय.

'आम्ही तर फेडरल मदत घेतच नाही, मग आम्हाला काय' असं एच-४ वाले विचारतात. नियम कोर्सला लागतो. त्याच वर्गात दुसरा कोणीतरी पेल ग्रँटवर, म्हणजे फेडरल सरकारच्या अनुदानावर, बसलाय, कॉलेज फेडरल मदतीच्या कार्यक्रमात आहे, म्हणून कोर्स त्या पद्धतीने चालवणं कॉलेजला भाग आहे, मग तुम्ही स्वतःच्या खिशातून फी भरा नाहीतर कर्ज काढा.

कॅलिफोर्नियात तर अजून एक पायरी आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांसाठी राज्याच्या टायटल ५ नियमावलीत ५५२०४ नंबरचं कलम आहे, नावच इन्स्ट्रक्टर कॉन्टॅक्ट, शिक्षकाचा संपर्क. त्यात हाच नियमित आणि अर्थपूर्ण संपर्क मागितलाय आणि तो कशा कशातून होऊ शकतो त्याची उदाहरणं दिलीत, गटाने किंवा एकेकट्याने भेटणं, उजळणीचे तास, फोन, ईमेल वगैरे, आणि जिथे लागू असेल तिथे विद्यार्थ्यांचा आपसातला संपर्कही. ५५२०६ कलमाप्रमाणे एखादा कोर्स ऑनलाइन शिकवायचा तर त्याची वेगळी मंजुरी लागते आणि त्या कागदात हा संपर्क कसा होणार ते लिहावं लागतं. म्हणजे डी अँझा असो, फूटहिल असो, फ्रीमाँटचं ओलोनी असो, तुमचा कोर्स ऑनलाइन यायच्या आधी कोणीतरी कागदावर लिहून दिलंय की आम्ही विद्यार्थ्यांशी असा असा संपर्क ठेवू. बे एरियात इतकी मराठी घरं आहेत आणि त्यातल्या किती मुलांनी युनिटमागे ४६ डॉलर फीच्या या कॉलेजांतून क्लास केलेत, पण या कागदाबद्दल कोणालाच माहिती नसते.

आता जे मिळत नाही तेही स्वच्छ सांगायला पाहिजे, कारण अर्धवट माहितीवर भांडायला गेलेला माणूस हरतो.

कुठल्याही फेडरल नियमात '४८ तासांत उत्तर दिलंच पाहिजे' असं लिहिलेलं नाही. २४ तास, ४८ तास, दोन कामाचे दिवस, हे जे काही असतं ते तुमच्या कॉलेजचं धोरण असतं किंवा प्रोफेसरने स्वतः सिलॅबसमध्ये, म्हणजे कोर्सच्या नियमांच्या आणि वेळापत्रकाच्या कागदात, लिहिलेलं असतं. दुसरं, हा नियम मोडला म्हणून तुम्ही स्वतः कॉलेजवर फेडरल कोर्टात केस टाकू शकत नाही, हायर एज्युकेशन अॅक्टखाली विद्यार्थ्याला तसा अधिकार नाही असंच कोर्टांनी पुन्हा पुन्हा म्हटलंय. तो नियम सरकार आणि कॉलेज यांच्यातला आहे. तिसरं, मार्क बदलून मिळणं हा पूर्ण वेगळा विषय. कॅलिफोर्नियाच्या एज्युकेशन कोडमध्ये ७६२२४ कलमात म्हटलंय की कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकाने दिलेली ग्रेड अंतिम, फक्त चूक, फसवणूक, वाईट हेतू किंवा अकार्यक्षमता असेल तरच ती बदलता येते. 'सरांनी मेलला उत्तर दिलं नाही म्हणून मला बीच्या जागी ए द्या' हे चालणार नाही. पण 'बेरीज चुकलीय' किंवा 'सिलॅबसमध्ये फायनल ३० टक्के लिहिलीय आणि धरलीय ४०' हे चालेल, ती सरळ चूक आहे.

मग या नियमाचा उपयोग कसा करायचा? योग्य माणसाकडे, योग्य वेळी, योग्य शब्दांत. पहिल्या आठवड्यातच सिलॅबस डाउनलोड करून स्वतःकडे ठेवा, कारण टर्म संपली की काही दिवसांत कोर्सचं पान बंद होऊ शकतं आणि मग हातात काही राहत नाही. सिलॅबसमध्ये प्रोफेसरशी बोलायचं कसं, ऑफिस अवर्स कधी, उत्तर किती वेळात, अभिप्राय किती दिवसांत, हे बघा. कॉलेजच्या ईमेलवरून किंवा कॅनव्हासच्या इनबॉक्समधूनच लिहा, जीमेलवरून नको, जीमेलवरून आलेल्या मेलला कॉलेजने उत्तर न देण्यामागे प्रायव्हसीचं खरं कारण असू शकतं आणि शिवाय नोंद राहत नाही. आणि मेलमध्ये नुसतं 'चॅप्टर ५ समजत नाही' असं लिहू नका. कोर्सचं नाव, सेक्शन नंबर, कुठला प्रश्न, तुम्ही काय करून बघितलंत, कुठे अडलं, आणि तुम्हाला काय हवंय, पाच-सहा ओळींत. एकतर अशा मेलला उत्तर मिळायची शक्यता जास्त, आणि नाही मिळालं तर पुढे दाखवायला तुमच्याकडे चोख कागद आहे की मी विषयाबद्दलच मदत मागितली होती.

सिलॅबसमधली मुदत उलटून गेली की एकदा आठवण करा, नम्रपणे, त्याच मेलच्या खाली. शिक्षक आजारी असू शकतो, कम्युनिटी कॉलेजात खूप शिक्षक पार्टटाइम असतात, दोन-तीन कॉलेजांत शिकवत गाडीतून फिरत असतात, त्यांचीही परवड आहे ती, हे मनात ठेवून लिहा. तरी काही नाही तर डिपार्टमेंट चेअर किंवा डिव्हिजनचा डीन. त्यांना लिहिताना 'हा प्रोफेसर वाईट आहे' असं नको, 'या तारखेला, या तारखेला आणि या तारखेला मी लिहिलं, उत्तर आलं नाही, आत्तापर्यंत तीन असाइनमेंट झाल्या आणि एकावरही अभिप्राय नाही, कोर्समध्ये नियमित संपर्क कसा होणार आहे हे मला समजून घ्यायचंय' असं लिहा. हे टर्मच्या मध्यावर करा. फायनल झाल्यावर डीनला काही करता येत नाही, त्याच्या हातात तेव्हा फक्त दिलगिरी असते. सहाव्या आठवड्यात लिहिलंत तर तो प्रोफेसरशी बोलू शकतो, कोर्सचं पान उघडून बघू शकतो, गरज पडली तर दुसरा शिक्षक लावू शकतो.

त्याच्या वर कॉलेजची लेखी तक्रार प्रक्रिया. ती संपल्यावर मान्यता देणारी संस्था आणि राज्याचं ऑफिस. यांचे पत्ते कॉलेजने विद्यार्थ्यांना द्यायलाच हवेत असा फेडरल नियम आहे, म्हणून कॉलेजच्या वेबसाइटवर ते कुठेतरी खाली असतातच. दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजचा कोर्स घरबसल्या करत असाल तर बहुतेक राज्यांमध्ये सारा नावाचा करार आहे, त्याखाली तक्रार कॉलेज ज्या राज्यातलं आहे तिथल्या ऑफिसकडे जाते, मात्र ग्रेडची तक्रार तिथे घेत नाहीत. मान्यता संस्था पण तुमची ग्रेड बदलणार नाही की फी परत देणार नाही. पण या कॉलेजात ऑनलाइन कोर्समध्ये शिक्षकच नसतो असं तिच्याकडे लेखी गेलं तर पुढच्या पाहणीत ती विचारते, आणि त्याला कॉलेज घाबरतं.

एक गोष्ट पैशाशी जोडलेली आहे आणि ती फार लोकांना फटका देते, म्हणून जरा थांबून सांगते. फेडरल मदत घेतलेल्या विद्यार्थ्याने मधेच सगळे कोर्स सोडले तर तो कोणत्या दिवसापर्यंत अभ्यास करत होता ते कॉलेज बघतं, आणि टर्मचा ६० टक्क्यांहून जास्त काळ झाला नसेल तर त्या प्रमाणात मदत परत जाते, मग कॉलेज तुमच्याकडे बाकी मागतं. ऑनलाइनमध्ये हा दिवस ठरतो कशावरून? नुसतं लॉग इन केलं हे धरत नाहीत, नियमात तसं स्पष्ट आहे. असाइनमेंट देणं, क्विझ देणं, चर्चेत लिहिणं, शिक्षकाला विषयाबद्दल प्रश्न विचारणं, हे धरतात. म्हणजे रोज रात्री तासभर व्हिडिओ बघत बसलेला पण काहीच न लिहिणारा विद्यार्थी कागदावर गैरहजर दिसू शकतो. विषयाबद्दल प्रोफेसरला टाकलेला तो एक मेल इथेही कामाला येतो. आणि कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत सेन्ससच्या तारखेपर्यंत, म्हणजे वर्गातले विद्यार्थी मोजायच्या ठरलेल्या तारखेपर्यंत, साधारण २० टक्के कोर्स होईतो, काहीच हालचाल नसलेल्या विद्यार्थ्याला शिक्षक काढून टाकतो, त्याला तसं करावंच लागतं, तो दुष्टपणा नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात ओळख करून देण्याची जी चर्चा असते तिच्यात लिहायचं टाळू नका.

एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आलेल्या मुलांसाठी वेगळं. पुण्या-मुंबईहून मास्टर्सला आलेली मुलं विचारतात की ऑनलाइन सेक्शन सोपा आहे, घेऊ का. पूर्ण वेळ शिक्षणाच्या हिशेबात एका टर्मला ऑनलाइनचा जास्तीत जास्त एक क्लास किंवा तीन क्रेडिट धरतात, त्याहून जास्त ऑनलाइन घेतलं तरी ते पूर्ण वेळाच्या मोजणीत येत नाही आणि मग स्टेटसचा प्रश्न उभा राहतो. कोविडमध्ये यात सूट होती, ६ जुलै २०२० ला ती सूट काढायचा हुकूम निघाला, हार्वर्ड आणि एमआयटी कोर्टात गेले आणि १४ जुलैला सरकारने हुकूम मागे घेतला, त्या आठ दिवसांत किती मराठी घरांतली झोप उडाली होती ते ज्यांची मुलं इथे होती त्यांना आठवत असेल. त्यामुळे ऑनलाइन सेक्शनला नाव घालायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसला लेखी विचारा, मित्राला नाही.

आईबाबांनी आता नीट वाचा. फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे, विद्यार्थ्याच्या रेकॉर्डच्या गोपनीयतेचा. मूल १८ चं झालं किंवा कॉलेजात शिकायला लागलं, यातलं जे आधी होईल तेव्हापासून ते हक्क आईबापांकडून मुलाकडे जातात. म्हणजे १६ वर्षांची मुलगी ऑनलाइन कॉलेज क्लास करत असेल तरी त्या कॉलेजच्या रेकॉर्डवरचा हक्क तिचा. म्हणून तुम्ही प्रोफेसरला मेल केलात की 'आमच्या मुलीला कमी मार्क का' तर तो उत्तर देणार नाही, आणि त्यात तुमचा अपमान नाहीये. तिच्या हायस्कूलच्या रेकॉर्डवर मात्र तुमचा हक्क राहतो. मूल टॅक्समध्ये तुमच्यावर अवलंबून दाखवलं असेल तर कॉलेज तुम्हाला माहिती देऊ शकतं, पण देऊ शकतं, द्यायलाच पाहिजे असं नाही. सगळ्यात बरं म्हणजे मेल मुलीनेच लिहावा, तुम्ही बाजूला बसून मदत करा. तिला तिचं रेकॉर्ड बघायचं असेल तर कॉलेजने विनंती आल्यापासून ४५ दिवसांच्या आत दाखवलं पाहिजे, आणि त्यात चुकीची नोंद असेल तर दुरुस्ती मागता येते.

कॅमेऱ्याचं पण सांगते, कारण परीक्षेच्या वेळी लॅपटॉप फिरवून खोली दाखवा म्हटलं की मुलं घाबरतात, घरात आजी झोपलेली असते, देव्हारा असतो, एकाच खोलीत चौघं राहत असतात. ऑगस्ट २०२२ मध्ये ओहायोतल्या फेडरल कोर्टाने क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीच्या खटल्यात निकाल दिला की परीक्षेआधी विद्यार्थ्याच्या घरातली खोली कॅमेऱ्याने बघणं ही अमेरिकेच्या राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीला, म्हणजे सरकारच्या अवाजवी झडतीपासून संरक्षण देणाऱ्या कलमाला, धरून नसलेली झडती आहे. तो निकाल एका जिल्हा कोर्टाचा आहे, सरकारी युनिव्हर्सिटीबद्दलचा, सगळ्या देशाला आपोआप लागत नाही, खासगी कॉलेजला तर चौथी दुरुस्ती अशी लागतच नाही. पण 'मला खोली दाखवायची नाही, दुसरा मार्ग द्या, मी टेस्टिंग सेंटरला येऊन परीक्षा देतो' हे मागायला त्याने आधार मिळाला, आणि ते परीक्षेच्या आधी मागा, परीक्षेच्या क्षणी नाही. तसंच ऐकायला कमी येणाऱ्यांसाठी व्हिडिओवर कॅप्शन, परीक्षेत जास्त वेळ, हे अपंगत्व हक्काच्या कायद्यांखाली मिळतं, पण शाळेत मिळणारं आयईपी, म्हणजे अपंगत्व असलेल्या मुलासाठी शाळेने बनवलेला खास शिक्षण आराखडा, कॉलेजात आपोआप चालू राहत नाही, विद्यार्थ्याने स्वतः कॉलेजच्या डिसॅबिलिटी ऑफिसला जाऊन मागावं लागतं. हे बऱ्याच पालकांना पहिली टर्म वाया गेल्यावर कळतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

भारतात राहून ऑनलाइन डिग्री करणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, कारण तिथेही कायदा आहे आणि तो वापरला जात नाही. यूजीसीचे मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नियम सप्टेंबर २०२० चे आहेत. ऑनलाइन कार्यक्रमात चार भाग असायला पाहिजेत: व्हिडिओ-ऑडिओचे धडे, वाचायचं साहित्य, चर्चा आणि शंका विचारायची जागा, आणि मूल्यमापन. लोक पहिले दोन बघतात आणि जाहिरातीवर प्रवेश घेतात, पण तिसरा भाग, शंका विचारायची जागा, तिथे कोणी माणूस उत्तर देतो का हे आधीच्या बॅचच्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारून घ्या. कार्यक्रमाला मान्यता आहे का ते यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या वेबसाइटवर बघायचं, एजंटच्या व्हॉट्सअॅप मेसेजवर नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात शिकलेल्यांना संपर्क सत्र आणि समंत्रक, म्हणजे सत्रात मार्गदर्शन करणारे शिक्षक, हे शब्द चांगले माहीत असतील, अभ्यास केंद्रावर रविवारी बसची वाट बघत जाऊन सत्राला बसणारे किती लोक आपल्या गावागावांत आहेत, त्यांना कळतं की पुस्तक घरी आलं म्हणजे शिक्षण झालं असं नसतं.

आणि तक्रारीसाठी ११ एप्रिल २०२३ चे यूजीसीचे विद्यार्थी तक्रार निवारण नियम आहेत. त्यात तक्रार म्हणजे काय याची मोठी यादी आहे, आणि प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं त्या दर्जाचं शिक्षण न देणं हे त्यात आहे, निकालाला उशीर आहे, मूल्यमापन पारदर्शक नसणं आहे, फी उकळण्यासाठी कागदपत्रं अडकवून ठेवणं पण आहे. म्हणून माहितीपत्रकात 'दर आठवड्याला लाइव्ह डाउट सेशन' लिहिलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट प्रवेश घेतानाच काढून ठेवा, वेबसाइटवरची पानं बदलतात. तक्रार संस्थेच्या पोर्टलवर ऑनलाइन करायची, ती संस्थेच्या तक्रार निवारण समितीकडे जाते, समितीने १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करायचं, आणि लोकपालाने अपील आल्यापासून ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करायचा. ही अपिलाची १५ दिवसांची मुदत हातातून जाऊ देऊ नका, समितीचा निर्णय आला की त्याच दिवशी कॅलेंडरवर तारीख टाका.